शेजारी : एका आज्ञेचे मराठी रूप

१

ख्रिस्ती नीतिविचाराचे सार कोणते, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या धर्माच्या मूळ ग्रंथांनीच देऊन ठेवले आहे. सर्व आज्ञांत श्रेष्ठ कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा येशूने दोन आज्ञा जोडीने सांगितल्या. ईश्वरावर सर्वस्वाने प्रेम करावे, ही पहिली; आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे, ही तिच्याच तोडीची दुसरी. पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत सारे नियमशास्त्र ह्या दुसऱ्या आज्ञेत सामावते असे म्हटले, आणि याकोबाच्या पत्राने तिला राजनियमाची प्रतिष्ठा दिली. वस्तुतः ही आज्ञा येशूच्याही आधीची. लेवीय ह्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात ती प्रथम येते, आणि तीही अगदी व्यवहारातील नियमांच्या ओघात : शेताच्या कडेचे पीक गोरगरिबांसाठी राखावे, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, बहिऱ्याला शाप देऊ नये. तेथे तिचे स्वरूप सुभाषिताचे नाही. वस्तीत राहणाऱ्या माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, ह्याचा तो एक नियम आहे.

ह्या आज्ञेविषयी पश्चिमेत जे लिहिले गेले त्यात प्रेमाच्या स्वरूपाची चर्चा विपुल आहे. आज्ञेने सांगितलेले प्रेम हे प्रेम कसे असू शकते, हा प्रश्न किर्केगारने १८४७ मध्ये सोडविण्याचा प्रयत्न केला. मानवी अभिलाषेचे प्रेम आणि निर्हेतुक ईश्वरी प्रेम ह्यांतील भेद अँडर्स नीग्रेनने १९३० नंतरच्या दशकात विस्ताराने मांडला. फ्रॉइडने १९३० मध्येच ही आज्ञा मनुष्यस्वभावाला पेलणारी नाही असा निवाडा दिला. शेजारी कोण, हा विचार किर्केगारने केला आहे. परंतु त्याचा शेजारी म्हणजे सरसकट प्रत्येक मनुष्य. त्याला घर नाही, आळी नाही, आडनाव नाही.

भारतीय भाषांत ही आज्ञा आली तेव्हा मात्र हा तर्कशुद्ध पण निराकार शेजारी तिच्याबरोबर येऊ शकला नाही. येथे शेजारी हा कोणत्या ना कोणत्या वस्तीत राहणारा माणूस होता, आणि कोणी कोठे राहावे हे आधीच ठरलेले होते. म्हणून मराठीत ह्या आज्ञेची खरी अडचण 'प्रेम' ह्या शब्दात नाही. ती 'शेजारी' ह्या शब्दात आहे. ही अडचण भाषांतराची म्हणून सुरू होते. परंतु तिचा शेवट मराठी वाङ्मयाच्या मूल्यमापनाशी येऊन ठेपतो.

२

मूळ हिब्रू शब्द 'रेअ' असा आहे. सोबती, मित्र, आपल्यांपैकी कोणी, असे त्याचे अर्थ होतात; भिंतीला भिंत लागून असण्याशी त्याचा संबंध नाही. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी 'प्लेसिओन', म्हणजे जवळचा, हा शब्द योजला. लॅटिनने आणखी पुढे जाऊन 'प्रॉक्झिमुस', म्हणजे सर्वांत जवळचा, असे म्हटले. हिब्रूतील सोबती अशा रीतीने ग्रीक-लॅटिनमध्ये अंतराच्या मापाने मोजला जाऊ लागला.

भारतीय भाषांतील प्रतिशब्द एकत्र पाहावयाचे तर मैसूरमधील लष्कर मोहल्ल्यासारखे सोयीचे ठिकाण थोडेच सापडेल. ह्या वस्तीचे नावच कन्नड नगरात फारसी-अरबी शब्दांनी बनलेले आहे, आणि ते दोन्ही शब्द मराठी वाचकाला घरचे वाटावेत इतके परिचित आहेत. ह्याच मोहल्ल्यात संत फिलोमिनाचे भव्य चर्च उभे आहे, आणि मैसूरच्या ख्रिस्ती समाजात कन्नड, तमिळ, कोंकणी अशा अनेक भाषा नांदतात. कन्नड बायबलातील शेजारी हा 'नेरेयव' आहे. 'नेरे' म्हणजे सान्निध्य, आणि 'नेरेहोरे' म्हणजे शेजारपाजार. तमिळ बायबलाने मात्र 'पिरन्', म्हणजे दुसरा, इतर, हा शब्द स्वीकारला. कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनेत आणि उपदेशात 'पेल्याचो मोग' सांगितला जातो. हा 'पेलो' म्हणजेही दुसरा माणूसच, आणि मराठी कानाला त्यात 'पैल' ऐकू आल्यावाचून राहत नाही. उर्दूत शेजाऱ्याला 'हमसाया' असा एक सुंदर शब्द आहे : एकाच सावलीतला.

ह्या शब्दांचे सरळ दोन गट पडतात. कन्नड आणि मराठी आज्ञेला जवळच्या माणसाकडे वळवितात. तमिळ आणि कोंकणी तिला दुसऱ्याकडे, पलीकडच्याकडे वळवितात. मराठी 'शेजारी' तर ह्या सर्वांत अधिक घरगुती आहे. त्याची व्युत्पत्ती कोणतीही मानली तरी त्यात शेज आणि शेजघर ह्यांचा ध्वनी मिसळलेला आहे. वाटीभर साखर उसनी नेणारा, रात्री-अपरात्री हाक मारली तर धावून येणारा, आणि कुंपणाच्या वीतभर जागेसाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणारा, असा हा शेजारी. ख्रिस्ती आज्ञेला ह्या शब्दाने ऊब दिली ह्यात शंका नाही. परंतु जो आधीच आपल्यासारखा आहे, आपल्याच आळीत राहतो, त्याच्यावर प्रेम करावे, इतकाच अर्थ उरला तर आज्ञेत आज्ञा अशी काय राहिली? तेवढे प्रेम तर जकातदारही करतात, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सुचविले आहे.

मात्र शब्दाने सर्व काही साधते असेही नाही. तमिळमध्ये 'पिरन्' हा अधिक व्यापक शब्द असूनही वडक्कनकुळम येथील चर्चमध्ये दोन जातींच्या भाविकांना वेगळे बसविणारी भिंत होती, आणि ती १९१० साली पाडावी लागली. ज्या गोव्यात 'पेल्याचो मोग' शिकविला गेला तेथेच १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, धर्मन्यायालयाचा अंमल चालला. तात्पर्य, योग्य प्रतिशब्द सापडला म्हणजे आज्ञा पाळली गेली, असा भाषांतरकाराने समज करून घेण्याचे कारण नाही.

३

लष्कर मोहल्ल्यातील चर्चचा इतिहास ह्या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. ह्या जागी पहिले चर्च १८४३ मध्ये मुम्मडी कृष्णराज वडेयर ह्यांच्या आश्रयाने उभे राहिले. आजच्या इमारतीची कोनशिला २८ ऑक्टोबर १९३३ रोजी नाल्वडी कृष्णराज वडेयर ह्यांच्या हस्ते बसविली गेली. संत फिलोमिनाचे अवशेष मिळवून आणणारे थंबू चेट्टी हे त्याच हिंदू महाराजांच्या सेवेतील ख्रिस्ती अधिकारी होते. १९४१ मध्ये बांधकाम पुरे झाले. ज्या संतेच्या नावाने हे मंदिर उभे राहिले तिचा सण १९६१ मध्ये रोमने आपल्या पंचांगातून काढून टाकला, तरी मैसूरच्या लोकांनी चर्चचे नाव टाकले नाही. चामुंडेश्वरीच्या उपासक राजघराण्याने दुसऱ्या धर्माच्या मंदिराला असा हातभार लावावा, ही भारतीय परंपरेतील अभिमानास्पद गोष्ट होय. शेजारधर्माचे उदाहरण म्हणून ती सहज सांगितली जाते, आणि सांगितली जाणे योग्यही आहे.

तथापि राजाश्रय आणि शेजार ह्यांत भेद आहे. राजा देतो; त्याला घ्यावे लागत नाही. त्याच्या उदारतेने मोहल्ल्यांच्या सीमा जेथल्या तेथे राहतात. जुन्या मैसूरचा नकाशा पाहिला तर अग्रहार वेगळा, मंडी मोहल्ला वेगळा, लष्कर वेगळे. पेठा, आळ्या आणि गावकुसाबाहेरचे वाडे ह्यांनी बनलेली महाराष्ट्रातील गावेही ह्याच पद्धतीने वसलेली आहेत. ह्या रचनेत शेजारी म्हणजे बहुधा स्वजातीय. निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक परस्परांशी सलोख्याने वागू शकतात, एकमेकांच्या उत्सवांना वर्गणी देऊ शकतात, आणि तरीही परस्परांचे शेजारी नसतात.

गांधीजींनी १४ फेब्रुवारी १९१६ रोजी मद्रासमध्ये मिशनरी परिषदेपुढे केलेल्या भाषणात स्वदेशीची व्याख्याच निकटच्या परिसराची सेवा अशी केली होती. दूरच्यांचा कैवार घेऊन जवळच्यांकडे पाठ फिरविण्याच्या वृत्तीवर तो रास्त आघात होता, आणि मिशनऱ्यांपुढे तो केला जावा ह्यात मार्मिकताही होती. परंतु जवळचा कोण, हे जर गावाच्या रचनेनेच ठरविलेले असेल, तर जवळच्यांच्या सेवेपूर्वी त्या रचनेलाच प्रश्न विचारावा लागतो.

४

लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोन्याचा दृष्टान्त हाच प्रश्न विचारतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर एका माणसाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. याजक आला आणि बाजूने निघून गेला. लेवी आला, तोही गेला. मग यहूदी ज्याला हीन मानीत असा एक शोमरोनी आला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि त्याच्या खर्चाचे पैसे भरले. 'माझा शेजारी कोण?' ह्या शास्त्र्याच्या प्रश्नावर ही कथा सांगितली गेली. कथा संपताच येशूने प्रश्नाची दिशा बदलली : ह्या तिघांपैकी त्या जखमीचा शेजारी कोण झाला? मूळ ग्रीकमध्ये येथे 'होणे' हे क्रियापद आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. शेजारी हा असत नाही, होतो. मराठीत 'असणे', 'होणे' आणि 'ठरणे' ही तिन्ही क्रियापदे भाषांतरकाराच्या हाताशी आहेत. त्यांपैकी 'असणे' निवडणारा भाषांतरकार सगळी कथा गमावून बसतो.

ह्या दृष्टान्तावर मराठीत झालेली प्रवचने आणि निघालेल्या पुस्तिका सामान्यतः वाचकाला शोमरोन्याच्या जागी उभे करतात : तुम्हीही असेच दीनदुबळ्यांना साहाय्य करा. ह्या वाचनात साहाय्य करणारा वर आणि साहाय्य घेणारा खाली राहतो. दयेचा संबंध हा राजाश्रयाचाच लहान आकार होतो. परंतु मूळ श्रोता यहूदी होता. त्याला शोमरोन्याशी तादात्म्य पावणे शक्य नव्हते. त्याला जागा होती ती एकच, रस्त्याच्या कडेला जखमी होऊन पडलेल्या माणसाची. ज्याच्या स्पर्शाने विटाळ होतो अशी समजूत आहे त्याच्या हातचे तेल आपल्या जखमेवर घ्यावयाचे, त्याच्या जनावरावर बसावयाचे, त्याच्या पैशावर बरे व्हावयाचे : दृष्टान्त श्रोत्यापुढे ही स्थिती ठेवतो. प्रेम करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अवघड, असे प्रेम स्वीकारणे ह्या कथेच्या मुळाशी आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने येते. दमलेला येशू भर दुपारी विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरावयास आलेल्या एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. तिला आश्चर्य वाटते, कारण यहूदी माणूस शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागत नसतो. तो तिला पुढे पुष्कळ देणार आहे. परंतु संवादाची सुरुवात त्याच्या मागण्याने होते. पाश्चात्त्य भाष्यकारांना ह्या मागणीचा खुलासा करण्यासाठी यहूदी आणि शोमरोनी ह्यांच्या वैराचा इतिहास सांगावा लागतो. मराठी वाचकाला तसा खुलासा लागत नाही. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, ह्या प्रश्नावर ज्या समाजाची घडण झाली, त्या समाजात ही ओळ वाचताक्षणीच कळते.

५

येथे एका मोठ्या आक्षेपाचा परामर्श घेणे अवश्य आहे. जर्मन पंडित पाउल डॉयसेन ह्याने २५ फेब्रुवारी १८९३ रोजी मुंबईतील व्याख्यानात असे प्रतिपादिले, की शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे ही शुभवर्तमानातील आज्ञा नीतीचा योग्य असा परमोच्च नियम आहे, परंतु असे का करावे ह्याचे कारण त्यात मिळत नाही. ते कारण वेदान्ताच्या महावाक्यात मिळते. तो आणि मी तत्त्वतः एकच आहो, म्हणून. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त आत्मौपम्यबुद्धीचे जे विवेचन केले त्याचा रोखही असाच आहे : ख्रिस्ती उपदेशातील नियम खरा, परंतु त्याची उपपत्ती अध्यात्मशास्त्रात. मराठी वाचकवर्गाला हे समाधान फार पटले, आणि ख्रिस्ती आज्ञेचा स्वतंत्र विचार करण्याची गरज त्याला वाटेनाशी झाली.

तात्त्विक दृष्ट्या हे विवेचन भक्कम आहे. परंतु त्यातून दोन प्रश्न उद्भवतात. पहिला असा, की दुसरा म्हणजे मीच असेल, तर दुसऱ्यावर प्रेम करण्याचा प्रसंगच येत नाही. 'स्वतःसारखे' ह्या शब्दातील सादृश्य ऐक्यात विरून जाते आणि शेजारी नाहीसा होतो. आज्ञा त्याला दुसरा म्हणूनच राखते, आणि त्याच्या दुसरेपणासह त्याच्यापर्यंत जावयास सांगते. दुसरा प्रश्न इतिहासाचा आहे. सर्वांभूती एकच आत्मा आहे हे ज्ञान ह्या देशात शतकानुशतके होते, आणि ते सांगणाऱ्या घरांतील माठाला शिवण्याची मुभा सर्वांना नव्हती. कारण माहीत असूनही आचार झाला नाही, असे येथे घडले. उलट ख्रिस्ती समाजात आज्ञा माहीत असूनही भिंत उभी राहिली. ज्ञानाने किंवा आज्ञेने, कोणत्याही मार्गाने निघाले तरी मधे पाण्याचे भांडे उभे आहे, आणि ते ओलांडल्याशिवाय शेजार सुरू होत नाही. पीडितांना आपले मानणे हीच साधुत्वाची खूण समजणाऱ्या तुकोबांना ह्याची जाण होती. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताकडे जाण्याची आपली वाट तुकोबांच्या पुलावरून गेली असे सांगितले, त्यात म्हणूनच केवळ भाबडेपणा नाही.

६

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाकडे ह्या दृष्टीने पाहिले असता काय दिसते? फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाची भाषिक थोरवी वादातीत आहे. पुराणे अंतरलेल्या नवख्रिस्ती समाजाला त्याच्याच ओवीत त्याचे नवे पुराण देणे, हे स्वतःच शेजारधर्माचे एक कृत्य होय : इंग्लंडहून आलेला माणूस दुसऱ्याच्या भाषेत राहावयास गेला. परंतु पुराणाचा विषय उद्धाराची कथा हा आहे. माणसामाणसांतील दैनंदिन व्यवहार नव्हे. बाबा पद्मनजी ह्यांच्या १८५७ मधील 'यमुनापर्यटना'त विधवांचे दुःख आहे, आणि ते पाहणारी करुणा आहे. तथापि त्यातील यमुनेचा प्रवास हा प्रामुख्याने पाहणारीचा आणि ऐकणारीचा आहे.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत गोष्ट बदलते. १८५८ मध्ये आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात जन्मलेली ही मराठी स्त्री इंग्लंडमध्ये असताना लंडनजवळच्या फुलम येथील आश्रमात गेली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा तेथील भगिनी करीत होत्या. असे का करता, ह्या तिच्या प्रश्नाच्या उत्तरादाखल तिला वाचून दाखविली गेली ती विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचीच कथा. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतांतून शेकडो मुली आणून केडगावला ठेवल्या, आणि आयुष्याच्या अखेरीस हिब्रू-ग्रीकवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पंडिती संस्कृत शब्द टाळून अशिक्षित बाईलाही समजेल अशी मराठी वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. ज्यांना संस्कृत मुखोद्गत होते अशा पंडितेने आपल्या भाषेतील सोवळे उतरवून ठेवावे, ह्या घटनेचे वाङ्मयीन महत्त्व मराठी समीक्षेने पुरेसे ओळखलेले नाही. गद्य रूक्ष आहे ही तक्रार खरी आहे. पण ते कोणासाठी लिहिले गेले, हा प्रश्न त्या तक्रारीआधी विचारावयास हवा.

ह्या साऱ्या परंपरेतील सर्वांत समर्थ ग्रंथ मात्र लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हाच होय. १९३४ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या ह्या आत्मचरित्राची मराठी समीक्षेने मुक्तकंठाने स्तुती केली आहे : तिचा विनोद, तिचा निर्मळपणा, तिची अनलंकृत शैली, पतीच्या विक्षिप्तपणाकडे पाहण्याची तिची क्षमाशील दृष्टी. ही स्तुती यथार्थ आहे. परंतु ग्रंथाच्या अंतर्रचनेकडे लक्ष द्यावे तितके दिले गेलेले नाही. 'स्मृतिचित्रां'ची सुरुवात वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने होते. त्यांच्या सासऱ्यांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या मनाने सोवळे धरले. मग बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा क्रम सुरू झाला. म्हणजे ग्रंथाच्या पहिल्या पानांपासून पाणी आहे, आणि ते दुसऱ्याचा स्पर्श पुसून टाकण्यासाठी वापरले जाते. लक्ष्मीबाई हे हसतखेळत सांगतात; पण हसता हसता वाचकाला कळते, की भीतीने विटाळाचे रूप घेतले आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. ताटातुटीची वर्षे संपून लक्ष्मीबाई पतीजवळ परत आल्या तेव्हाही त्यांची चूल आणि त्यांचे पाणी वेगळे होते. एकाच छपराखाली पती हाच त्यांचा अस्पृश्य शेजारी झाला होता. ह्या भागात ग्रंथाची नैतिक शक्ती एकवटली आहे. टिळकांनी वाद घातला नाही, जबरदस्ती केली नाही. वेगळेपणाची व्यवस्था त्यांनी सोसली. आणि जातिभेद हा ईश्वराने केलेला नसून माणसाने केलेला आहे, ह्या निर्णयावर लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या विचाराने, बाप्तिस्म्यापूर्वी. त्या ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी जात सोडली नाही. आधी त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले, ख्रिस्ती त्या नंतर, १९०० मध्ये झाल्या. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्या ग्रंथात पाणी परक्याचा स्पर्श धुण्यासाठी होते, त्याच ग्रंथात ते परक्याच्या हातून घेतले जाते. दोन टोकांमधला हा प्रवास कोणत्याही प्रवचनाशिवाय, स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितला गेला आहे. पुढे लक्ष्मीबाईंनी निराधार मुलांना घरात घेतले, प्लेगच्या साथीत माणसांची सेवा केली. परंतु ह्या देण्याला दयेचा दर्प येत नाही, ह्याचे कारण आधीचे घेणे होय. जी बाई दुसऱ्याच्या हातचे पाणी प्याली तिला दुसऱ्याला पाणी देताना वर उभे राहण्याचे कारण उरले नव्हते.

'शेजारी होणे' ह्या दृष्टान्तातील क्रियापदाचे ह्याहून प्रामाणिक मराठी भाष्य दुसरे नाही. 'ख्रिस्तायना'सारखे महाकाव्य टिळकांनी आरंभिले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केले. परंतु येशूच्या उपदेशाचा गाभा त्या काव्यापेक्षा ह्या गद्यात अधिक उतरला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

७

ह्या विवेचनाला ख्रिस्ती वाङ्मयाच्या मर्यादेत ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी प्राशन केले. त्यानंतर गावातील सवर्णांनी शेणगोमूत्राचे घडे ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या घरातील वेड येथे साऱ्या गावाचे झाले. महाडला दयेची याचना नव्हती. सार्वजनिक पाण्यावरील समान हक्काची ती कृती होती. ख्रिस्ती आज्ञेच्या अभ्यासकाने ह्या घटनेपासून शिकावे ते हे, की शेजार केवळ प्रेमाने होत नाही. जेथे एकाला पाणवठ्यावर जाण्याचा हक्कच नाही तेथे दुसऱ्याने त्याच्यावर प्रेम करणे ही अपमानाचीच सौम्य तऱ्हा ठरते. लेवीय ग्रंथातील आज्ञा मजुरीच्या नियमाच्या शेजारी लिहिलेली आहे, हे ह्यासाठीच विसरता कामा नये.

बाबूराव बागूलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' ह्या १९६३ मधील कथेत परक्या गावी नोकरीला गेलेला दलित तरुण जात लपवून राहावयास जागा मिळवितो. त्याला मान मिळतो, आपुलकी मिळते. आणि जात कळताच काल आपुलकीने वागणारेच हात त्याच्यावर उठतात. शोमरोन्याच्या दृष्टान्ताशी ही कथा ताडून पाहण्यासारखी आहे. दृष्टान्तात परका माणूस शेजारी होतो; बागूलांच्या कथेत शेजारी क्षणार्धात परका होतो. आपला समजून केलेले प्रेम हे शेजाऱ्यावरचे प्रेम नव्हते, स्वतःच्या प्रतिमेवरचे होते, हे ही कथा निर्दयपणे उघड करते. 'स्वतःसारखे' ह्या शब्दाचा सोयीस्कर अर्थ, म्हणजे 'जो स्वतःसारखा आहे त्याच्यावर', मराठी वाङ्मयात इतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच फेटाळला गेला असेल. बागूल ख्रिस्ती परंपरेतून लिहीत नव्हते. तरी त्या परंपरेच्या मध्यवर्ती आज्ञेची परीक्षा घेताना ही कथा टाळता येत नाही.

८

मग मराठी भाषांतरकाराने 'शेजारी' हा शब्द ठेवावा की बदलावा? 'मनुष्यमात्र', 'बांधव', 'इतरेजन' असे पर्याय सुचविता येतील. 'मनुष्यमात्र' हा शब्द किर्केगारच्या जवळ जातो, पण त्याच्या घरी पाणी पिण्याचा प्रसंग कोणावर येत नाही. 'बांधव' ह्यात नाते आधीच गृहीत धरलेले आहे. कोंकणी 'पेलो' आणि तमिळ 'पिरन्' ह्यांच्याजवळ जाणारा 'इतर' हा शब्द मराठीत थंड आहे. 'शेजारी' ह्या शब्दाची व्याप्ती अपुरी आहे हे खरे. परंतु त्या अपुरेपणातच त्याचा उपयोग आहे. तो वाचकाला विचारावयास लावतो, की ह्या गावात आपला शेजारी कोण, तो आपला शेजारी आहे हे कोणी ठरविले, आणि वेशीपलीकडे जो राहतो तो का नाही. आज्ञेला इतका अवघड करणारा दुसरा शब्द मराठीत नाही.

लष्कर मोहल्ल्यातील चर्चचे दोन मनोरे शहरात दुरून दिसतात, आणि राजाच्या औदार्याची साक्ष देत ते उभे राहतील. परंतु त्या मोहल्ल्यात काय किंवा महाराष्ट्रातील एखाद्या आळीत काय, आज्ञेचा निकाल मनोऱ्यांवर लागत नाही. तो उंबरठ्यावर लागतो, कोणी कोणाच्या घरचा तांब्या तोंडाला लावला ह्यावर. मराठीत हे जाणणारे वाङ्मय निर्माण झाले आहे. 'स्मृतिचित्रे' त्यात अग्रभागी आहे, आणि विनोदी आत्मचरित्र म्हणून त्याचे कौतुक करीत राहण्यापेक्षा ह्या प्रश्नासह ते पुन्हा वाचणे मराठी समीक्षेला अधिक लाभदायक होईल.